वडतळ्याचं सुशोभन

१२ नोव्हेंबर १९५३, ठाणे

आज काळुराम पाटील घरी येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी. चित्रकलेच्या तासाला त्याने कधी एक रेघ सरळ मारली नाही, पण आज वडतळ्याच्या भोवतालची बहुतेक जमीन त्याची आहे. बापजाद्यांची भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. आता त्याचे प्लॉट पडताहेत. तळ्याकाठी तो मुंबईच्या पाहुण्यांसाठी विश्रांतिगृह बांधतोय. रविवारी मुंबईहून माणसं हवा खायला येतात, तळ्याला एक फेरी मारतात आणि बसायला जागा नाही म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत जातात, हे त्याचं दुःख. गावातली चार मंडळी जमवून त्याने ‘वडतळे सुशोभन मंडळ’ काढलंय. काठाने फिरायचा रस्ता, बाकं, दिवे, फुलझाडं, दोन होड्या.

"मास्तर, नकाशा तुमच्याच हातचा पाहिजे," म्हणाला.

निवृत्त झाल्यापासून माझ्या हातचं काही कुणाला पाहिजे झालं नव्हतं. मनातल्या मनात मी उडीच मारली. तोंडाने मात्र ‘विचार करून सांगतो’ म्हटलं. तो कोपर्‍यावरून वळायच्या आत ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून खाली आला होता.

आमच्या हिला सांगितलं. ती तांदळाची भाकरी थापत होती. म्हणाली, "आणि धुणं?"

"अगं, तळ्याकाठच्या प्रत्येक घराला नळ मिळणार आहे. घरात पाणी येणार, घरात!"

"बरं," म्हणाली.

त्या ‘बरं’मध्ये आनंद थोडा कमी वाटला. तव्यावरची भाकरी करपत होती, त्यामुळे असेल.

२२ नोव्हेंबर

सकाळभर तळ्यावर बसून रेखाटनं केली. काम कमी, आठवणीच जास्त.

या तळ्यात मी पोहायला शिकलो. पाठीला वाळका भोपळा बांधून वडिलांनी ढकलून दिलं होतं. पलीकडच्या काठाला पाटलांच्या म्हशी नुसती नाकं वर काढून बसायच्या. श्रावणात कमळं यायची. वारा खाडीकडून आला की मिठाचा वास यायचा, आणि उन्हाळ्यात पूर्वेच्या अंगाला मिठाचे ढीग इतके पांढरे दिसायचे की डोळे मिटून घ्यावे लागत. आणि सकाळी जाग यायची ती धुण्याच्या आवाजाने. धप्, धप्. घड्याळ आमच्या घरात फार उशिरा आलं.

वडाखालच्या काठाला धुण्याचे दगड आहेत. ज्या घराचा जो दगड, तो त्याच घराचा. दुसरीच्या दगडावर कुणी बसत नाही. आमचं लग्न झाल्यावर आईने हिला हाताला धरून तिथे नेलं, दगडाला हळदकुंकू लावलं आणि ‘हा आपला’ म्हणून सांगितलं. आई गेली तेव्हा तेरावा होईपर्यंत तो दगड सगळ्या बायकांनी रिकामा ठेवला होता. मग आमची ही त्याच्यावर बसली. तिच्या डावीकडे ठमाबाई, म्हणजे काळुरामची आई. मुलगा एवढा शेठ झाला तरी म्हातारी अजून स्वतःचं लुगडं स्वतः धुते, आणि काळुरामला त्याची लाज वाटते. उजवीकडे गोदा, रेल्वेच्या चाळीतली, मूळची राजापूरकडची. तिचा नवरा गुणाजी स्टेशनावर पॉइंट्समन आहे. तिघींची घरं तीन दिशांना. तळ्यावरच काय ती गाठ.

आमची शीला गेली, सहा वर्षांची होती, त्या वर्षी ही दिवसातून तीन-तीनदा तळ्यावर जायची. दोन माणसांचं एवढं कसलं धुणं, म्हणून मी एकदा चिडलोही होतो. ती बादली उचलून गेली.

असो. त्या वडाखालून तळं जितकं सुंदर दिसतं तितकं कुठूनच दिसत नाही. मुख्य बाक तिथेच यायला हवा. नकाशातली सगळ्यात चांगली जागा सापडली, याचं समाधान आहे.

३ डिसेंबर

ठमाबाई दारावर निवट्या घेऊन आली. मासळी आमच्या घरी यायची असली की हिला वास आधी लागतो, आणि मला हिच्यानंतर लगेच. ही आत गेली तशी म्हातारी माझ्याकडे वळली.

"मास्तर, आमचं दगड काढतंय म्हनं तुमी?"

"मी नाही, मंडळ काढतंय. आणि ठमाबाई, तुमच्याच मुलाचं मंडळ आहे."

"त्याला इचारून काय उपेग? तो मना बोलतं, आये, तू आता शेठची आई हाय, घरान बस."

"मग बसा की. घरी नळ येतोय. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचे दिवस संपले."

"पानी घरान येल वो," ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली. "पन गोदी माज्या घरान कशी येल?"

मी हसलो. म्हटलं, रस्ता इतका छान करतोय की गोदा चालत येईल. म्हातारी हसली नाही. निवट्या मात्र उत्तम होत्या.

२० डिसेंबर

नळ आला! मागच्या अंगणात, तुळशीच्या शेजारी. पितळी तोटी आहे. गल्लीतली माणसं बघायला आली. हिने नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिली बादली तिनेच भरली. मी विचारलं, "कसं वाटतं?"

"छान आवाज येतो," म्हणाली.

१० जानेवारी १९५४

दगड निघाले. पहारी लावून काढावे लागले. इतकी वर्षं मातीत रुतून बसलेले. त्यांची खडी फोडून फिरण्याच्या रस्त्यात घातली, म्हणजे काही वाया गेलं नाही.

नळ आल्यापासून हिचं तळ्यावर जाणं बंद झालं, आणि घरात तेव्हापासून फार शांतता असते. पूर्वी जेवायला बसलो की ही वाढता वाढता सगळ्या गावाची बातमी द्यायची. कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कुणाची सासू कुणावर फुगली, सरकारी डॉक्टरची बदली झाली. मी ‘जेवू दे गं’ म्हणायचो. आता ती वाढते आणि उभी राहते. आज स्टेशनाजवळ गुणाजी भेटला तेव्हा कळलं की गोदाला नातू झाला. बारसंसुद्धा होऊन गेलं. घरी येऊन हिला सांगितलं तर नुसती बघत राहिली. म्हणाली, "मला माहीत नव्हतं." वर्तमानपत्र लावलंय तरी आमच्या घराला गावाची खबर नाही, हे थोडं विचित्रच.

२६ जानेवारी

प्रजासत्ताक दिन आणि सुशोभनाचं उद्घाटन, एकाच मुहूर्तावर. मला व्यासपीठावर खुर्ची. नकाशाचं कौतुक झालं, हार मिळाला. मुंबईहून बरीच मंडळी आली होती. होड्या दिवसभर रिकाम्या नव्हत्या. काळुरामच्या विश्रांतिगृहात चहाला जागा नाही.

वडाखालची पाटी मी स्वतः रंगवली आहे. ‘येथे कपडे धुण्यास मनाई आहे.’ अक्षर फार सुरेख जमलं. ही हिरवं लुगडं नेसून आली होती. पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मी जवळ जाऊन विचारलं, "काय?"

"अक्षर छान आहे तुमचं," म्हणाली.

गिरगावचे एक गृहस्थ बाकावर शेजारी बसले होते. दोन वर्षांपूर्वीही ते आले होते म्हणे. "तेव्हा इथे बायका धूत होत्या, हसत होत्या, गंमत वाटायची," म्हणाले. "आता स्वच्छ झालंय. पण बघायचं काय?" माणसाला कशातच समाधान नसतं.

८ फेब्रुवारी

हिची तब्येत बरी नाही. ताप नाही, खोकला नाही. जेवत नाही, बोलत नाही. दुपारी बघावं तर नळ सोडून पाण्याच्या धारेकडे बघत बसलेली. मला भीती वाटायला लागली आहे. शीलाच्या वेळी ती अशीच झाली होती, पण तेव्हा आपली आपण सावरली, कशी ते मला कधी कळलं नाही.

डॉक्टरांना बोलावलं. छाती तपासली, जीभ पाहिली. टॉनिक दिलं आणि हवापालट करा म्हणाले. मी नाशिकचं सुचवलं. ही एकदम म्हणाली, "मी मंगळवारी टिटवाळ्याला गणपतीला जाऊ का? गोदा येतेय. ठमाबाईपण."

मी लगेच हो म्हटलं. उद्याच मंगळवार आहे. देवाने तरी गुण द्यावा.

९ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीला बसवून दिलं. तिघींच्या हातांत एकेक भलंमोठं गाठोडं.

"देवाला जाताना एवढं काय?" मी विचारलं.

"बदलायचे कपडे," गोदा म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. बायकांचं सामान कधी आटोपशीर असत नाही.

२३ फेब्रुवारी

गणपती पावला असंच म्हणावं लागेल. दर मंगळवारी तिघी जातात, दिवेलागणीला परत येतात. हिच्या चेहर्‍यावर ऊन लागल्यासारखं दिसतं, भूक वाढली आहे. काल वाढता वाढता मला आख्खी हकिकत सांगितली, की काळुरामची सून रतन माहेरी जाऊन बसली आहे आणि का. कुठे कळलं विचारलं तर म्हणाली, "देवळात." टिटवाळ्याच्या देवळात ठाण्याच्या पाटलांच्या घरचं कळतं! देऊळ मोठं आहे खरं.

१२ मार्च

नळाबद्दल नोंद करून ठेवतो, म्हणजे मंडळाच्या अहवालात घालता येईल. जे लोक नळाच्या पाण्याला नावं ठेवतात त्यांनी आमच्या घरचे कपडे येऊन पाहावेत. माझी धोतरं इतकी पांढरी आयुष्यात कधी नव्हती. चादरींना उन्हाचा वास येतो. शिवाय काटकसर किती! न्हाणीतली साबणाची वडी महिना झाला तरी झिजलेली नाही. हिला म्हटलं, "बघ, सांगत नव्हतो?" ती हसली, आणि किती तरी वेळ हसतच होती. बरं वाटलं.

२८ मार्च

काळुरामचं विश्रांतिगृह रविवारी भरून जातं. आता त्याची भूक वाढली. त्याला पाहुण्यांसाठी आणखी एक ठिकाण हवंय. "मास्तर, खडवली! स्टेशन जवळ, नदी बारमाही, मोकळी हवा. घाट बांधू, होड्या आणू, खानावळ काढू. मुंबईचा माणूस सकाळी येईल, संध्याकाळी जाईल. जमीनमालकाला पाडव्यानंतर शब्द द्यायचाय. पण तुम्ही जागा बघा आणि सांगा. तुम्ही हो म्हणालात तरच घेणार."

माझ्या नकाशाने एका गावाचं भलं केलं, आता दुसर्‍याचं होणार. येत्या मंगळवारी जातो. ही टिटवाळ्याला गेली की घर तसंही रिकामंच असतं. हिला आत्ताच सांगत नाही, नकाशा झाल्यावर दाखवीन.

३० मार्च

हे लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो.

सकाळी हिची गाडी गेल्यावर पुढच्या गाडीने निघालो. कल्याणला गाडी बदलली. टिटवाळा आलं तेव्हा खिडकीतून देवळाच्या दिशेला नमस्कार केला आणि मनात म्हटलं, आमच्या मंडळींवर लक्ष ठेव.

खडवलीला उतरून नदीकडे चालत गेलो. जागा काळुराम म्हणाला तशीच. नदी रुंद वळण घेते, काळे खडक आहेत, त्यांच्यामध्ये डोह. बगलेत बोर्ड, खिशात पेन्सिल. झाडीतून खाली उतरणार एवढ्यात तो आवाज आला.

धप्, धप्.

पायच थांबले. हा आवाज मी किती महिन्यांत ऐकला नव्हता, ते तो ऐकल्यावर कळलं.

करंजाच्या झाडाआड उभा राहिलो. खाली खडकांवर तिघी बसल्या होत्या. डावीकडे ठमाबाई, उजवीकडे गोदा, मध्ये आमची ही. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, पदर कमरेला, केस सुटून गालावर आलेले. माझं धोतर दगडावर आपटत होती. पलीकडच्या खडकांवर आमच्या घरच्या सगळ्या चादरी वाळत पडल्या होत्या.

गोदा म्हणाली, "कमळाबाय, तुमी न्हाय घेतलात नाव. माजं झालं, ठमाबायचं झालं."

"इश्श, या वयात?"

"घे गो, हितं कोन ऐकतं?" ठमाबाई म्हणाली.

आणि माझी बायको, जिने लग्नाच्या पंगतीनंतर कधी माझं नाव उच्चारलेलं मी ऐकलं नाही, ती धोतराचा पिळा हातात धरून ताठ बसली आणि मोठ्याने म्हणाली:

"घरात आला नळ, अंगणात पडलं ऊन,
गोपीनाथरावांचं धोतर धुते खडवलीला येऊन!"

तिघी इतक्या हसल्या की गोदाच्या हातातलं लुगडं वाहून चाललं. ते धरायला ही पाण्यात धावली, घसरली, कमरेपर्यंत भिजली आणि पाण्यातच बसून हसत राहिली.

"अगो बाय, मास्तरान ऐकला तं?" ठमाबाई डोळे पुसत म्हणाली.

"ऐकू देत. नळाखाली बसून ऐकू देत."

मग हसणं ओसरलं. ही म्हणाली, "शीला असती तर यंदा तिला तिसावं लागलं असतं गं." ठमाबाई म्हणाली, "व्हय गो. मी आंघोल घालाची ना तिला, तल्याव." कुणी रडलं नाही. तिघी पुन्हा धुवायला लागल्या.

शीलाचं नाव आमच्या घरात आम्ही घेत नाही. मला वाटायचं, तिला सोसणार नाही.

मला राग यायला हवा होता. खोटं बोलून जाते, एवढं धुणं गाडीत घालून नेते, माझी टिंगल करते. राग आला नाही. हेवा वाटला. त्या दोघींचा हेवा वाटला. या बाईबरोबर मी सगळा संसार केला आणि तिला असं हसताना आज पहिल्यांदा पाहिलं. झाडाला हात लावून उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी वाटत होतं की हे संपू नये.

सवय वाईट. पेन्सिल कधी हातात आली ते कळलं नाही. घाट कुठून उतरावा, होड्या कुठे लागाव्यात, डोळे आपोआप सांगत होते. आणि मुख्य बाक कुठे यावा, तेही सांगितलं. ती बसली होती बरोबर तिथे.

पेन्सिल खिशात घातली. आल्या वाटेने परत फिरलो. त्या घरी आल्या तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. "दर्शन झालं?" विचारलं.

"छान झालं," कमळा म्हणाली.

१ एप्रिल

संध्याकाळी वडतळ्यावर गेलो. बाकावर बसलो. तळं फार सुंदर दिसतं तिथून, यात काही खोटं नाही. थोड्या वेळाने उठून आलो.

५ एप्रिल

काल पाडवा झाला. आज दुपारी काळुराम पेढे घेऊन आला. आईलाही आणलं होतं. ती आत स्वयंपाकघराच्या दाराशी कमळाजवळ बसली, दोघी तांदूळ निवडत होत्या.

काळुरामला बसायचीही घाई. "मग मास्तर, मंगळवारी गेला होतात ना खडवलीला? कशी आहे जागा?"

आतलं तांदळाचं सूप थांबलं. मी त्या बाजूला बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती, तिथे दोघी श्वास रोखून बसल्या आहेत हे मला पाठीला कळत होतं.

"जमीनमालक उद्या येतोय," काळुराम म्हणाला. "तुम्ही हो म्हटलंत की विसार देतो. पावसाळ्याआधी घाटाचं काम काढू. तुमची खुर्ची व्यासपीठावर पहिली."

खोटं का सांगू, खुर्चीचं नाव काढल्यावर एक क्षण मला हार दिसला.

"काळुराम," मी म्हटलं, "मी तुला चित्रकला शिकवली. तुला आली नाही ती गोष्ट वेगळी. पण बघण्यासारखं काय असतं आणि काय नसतं, ते मला कळतं, असं तू मानतोस ना?"

"म्हणून तर विचारतोय!"

"खडवलीला बघण्यासारखं काही नाही."

"पण नदी?"

"नदी आहे. नुसते काळे दगड. मुंबईचा माणूस एकदा येईल, परत येणार नाही. त्या जागेचा नाद सोड."

त्याचा चेहरा पडला, पण शाळेपासून माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेलेला नाही. "मग दुसरीकडे बघू," म्हणाला आणि उठला. ठमाबाई त्याच्या मागून निघाली. दारात थांबून तिने माझ्याकडे पाहिलं, पदरात बांधलेला आपला पेढा सोडला आणि माझ्या हातावर ठेवला.  तिला न बोलता जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कमळा ओट्यापाशी उभी होती. पदराला हात पुसत बाहेर आली.

"मंगळवारी तुम्ही खडवलीला आला होतात?"

"हो."

"मग?"

"मग काय? सांगितलं ना त्याला. बघण्यासारखं काही नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसू दाबत होते. मी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं, पण ते उलटं होतं.

"उद्या मंगळवार," ती म्हणाली. "तुमचे मळके कपडे काढून ठेवा."

मी उठलो. खुंटीवरची दोन धोतरं काढली, टॉवेल घेतला, उशीचे अभ्रे ओढून काढले. सगळं तिच्या गाठोड्यापाशी नेऊन ठेवलं. मग अंगातला सदरा काढला, घडी घातली आणि त्याच्यावर ठेवला. तो आज सकाळीच धुतलेला घातला होता.